पदरी पडलं

भाऊ जगला असता तर लुईज मारी आदेलाईद कोण असती? राजघराण्याच्या एका आडफांदीवरची मुलगी, बेताचा हुंडा घेऊन सासरी गेलेली. पण मे 1768 मध्ये तिचा वीस वर्षांचा भाऊ, लांबालचा प्रिन्स, बाहेरख्यालीपणात जडलेल्या रोगानं गेला आणि पंधरा वर्षांची ही पोर फ्रान्समधली सर्वांत श्रीमंत वारसदार ठरली. पुढच्याच एप्रिलात व्हर्सायला तिचं लग्न लागलं. नवरा ओर्लेआं घराण्याचा फिलिप. हुंडा साठ लाख लिव्र.

पदरी पडलं पवित्र झालं, असं आपण म्हणतो. म्हणतो ते बहुतेक वेळा मुलीला, नवऱ्याबद्दल. इथं मात्र ती म्हण सासरच्यांनी म्हणायची होती. कारण तिचे आजोबा, तुलूजचे काउंट, हे चौदाव्या लुईला मादाम द माँतेस्पांपासून झालेले. राजानं त्यांना मागाहून औरस ठरवलं होतं. ओर्लेआंना हे रक्त खुपत होतं. खरं तर फिलिपची पणजी याच माँतेस्पांची मुलगी, म्हणजे खोट होती तर दोन्हीकडे होती. ते असो. वारसा पूर्ण झाला आणि खुपणं थांबलं. पदर मोठा असला की पडलेलं पवित्र होतं, की पडलेलं मोठं असलं की? म्हण याबद्दल काही बोलत नाही. म्हणी सोयीच्या असतात.

तिनं मात्र म्हणीप्रमाणे वागून पाहिलं. मादाम द जांलिस तिच्याच दिमतीला आली, नवऱ्याची प्रेयसी झाली, मग तिच्या मुलांची शिक्षिका. लुईजनं घर सोडलं ते 1791 मध्ये. पुढे क्रांतीत फिलिपनं सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत दिलं आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर 1793 मध्ये, स्वतः गिलोटिनखाली गेला.

पण मला खरी ओढ आहे ती शवपेट्यांची. तिचे वडील, पाँतिएव्रचे ड्यूक, यांचा रांबुयेचा वाडा सोळाव्या लुईला हवा होता, शिकारीच्या रानासाठी. ड्यूकनी 1783 मध्ये तो विकला. पण शेजारच्या चर्चमध्ये पुरलेली माणसं विकली नाहीत. आईवडील, बायको आणि सातांपैकी सहा मुलं, अशा नऊ शवपेट्या त्यांनी मिरवणुकीनं द्रो या गावी नेल्या. उरलेलं सातवं मूल ही. म्हणजे तिची इस्टेट म्हणजे त्या सहा पेट्यांची बेरीज. श्रीमंती मोजायची ही रीत मला भयंकर वाटते आणि ती डोक्यातून जातही नाही. मार्च 1793 मध्ये वडिलांनाही तिथंच पुरलं. नोव्हेंबरात जमावानं तळघर फोडलं आणि सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटलं. स्पेनमधल्या हद्दपारीतून परतल्यावर, 1816 मध्ये, तिनं त्याच जागेवर प्रार्थनामंदिर बांधायला घेतलं. पॅरिसमधला तिच्या जन्माचा वाडा तोवर बँक ऑफ फ्रान्सचा झाला होता.

हा खड्डा तिला कुणी दिलेला नव्हता, तिनं मागून घेतला. म्हणून इथं म्हण लागू पडत नाही, असं मी म्हणणार होतो. मग रूझे आठवतो. हा क्रांतीच्या कन्व्हेन्शनचा माजी सदस्य, तोही तिच्यासारखा कैदेतला. क्रांतीच्या काळात बेलोम नावाच्या खासगी आरोग्यगृहाचा तुरुंग झाला होता, तिथं दोघांची गाठ पडली. पुढे तो जन्मभर तिच्याबरोबर राहिला आणि द्रोच्या मंदिरात त्यालाही जागा मिळाली. फिलिप तिथं नाही. त्याचा देह पॅरिसच्या सामुदायिक खड्ड्यात हरवला.

रूझे तिनं निवडला, असं म्हणावंसं वाटतं. पण कोंडलेल्या घरात निवडायला माणसं किती असतात? आणि शोधाशोध करून नवरा पाहणाऱ्या बापाला तरी ती कितीशी होती?