प्रश्नांचे बाक आणि उत्तरांचे बाक

विधिमंडळात काही बाकांवर प्रश्न विचारणारे बसतात, तर काहींवर उत्तरे देणारे. प्रश्न विचारणे सोपे आणि उत्तर देणे अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोन्हींना सारखीच तयारी लागते. आणि ज्याच्या वाट्याला ही दोन्ही कामे येतात, त्याची कसोटी मोठी असते. कल्याणचे रामचंद्र गणेश कापसे यांच्या वाट्याला ती आली.

कापसे यांचा जन्म १ डिसेंबर १९३३ चा. ते मराठीचे प्राध्यापक होते. १९७८ साली ते कल्याणमधून विधानसभेवर निवडून आले. कल्याण हे खाडीकाठचे प्राचीन बंदर. १८५४ साली तेथे आगगाडी पोहोचली आणि पुढे ते मुंबईच्या चाकरमान्यांचे गाव झाले. लोकवस्ती झपाट्याने वाढली. पाणी आणि रस्ते मात्र मागे पडले. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली; परंतु तिची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. मधली बारा वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या शहरात नगरसेवकच नाहीत, तेथील नागरिकांनी गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे? अशा वेळी आमदाराचा दरवाजा हाच त्यांचा आधार असतो. आमदार तारांकित प्रश्न लेखी देतो, मंत्र्याला सभागृहात उभे राहून त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि गल्लीतील कोरडा नळ राज्याच्या दप्तरी नोंदला जातो.

१९८९ आणि १९९१ साली ठाणे मतदारसंघाने कापसे यांना लोकसभेत पाठविले. १९९६ साली ती जागा मित्रपक्षाकडे गेली. त्यांच्या संसदीय आयुष्याचा बराचसा काळ विरोधी बाकांवर गेला होता.

जानेवारी २००४ मध्ये अंदमान आणि निकोबार बेटांचे नायब राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. या बेटांना विधानसभा नाही. राष्ट्रपतींच्या वतीने नायब राज्यपालच तेथील कारभार पाहतो. प्रश्न विचारणारा आता उत्तर देण्याच्या जागी आला.

वर्ष संपता संपता २६ डिसेंबरच्या सकाळी सुमात्राजवळच्या समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा बेटांवर आदळल्या. सुमारे साडेतीन हजार माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले. कारनिकोबारचा विमानतळ उद्ध्वस्त झाला; धक्के मोडल्यामुळे जहाजे किनाऱ्याला लागेनात. तेव्हा पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखली जाणारी राजधानी तेथून शेकडो किलोमीटर दूर होती. सैन्यदले आणि मुलकी अधिकारी यांना एकत्र येऊन अन्न, पाणी व औषधे पोहोचवावी लागली.

तरीही मदत उशिरा येते, अशा तक्रारी झाल्या. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत उकाडा असह्य होई. आम्हांला अवजारे मिळावीत, आपली घरे आपण बांधू, अशी निकोबारी लोकांची मागणी होती. टीका झाली, आणि ती होणे रास्तच होते. कारण ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याला आपत्ती किती मोठी होती एवढे सांगून सुटता येत नाही. पुढची होडी केव्हा येणार, हेही सांगावे लागते.

मे २००६ मध्ये कापसे त्या पदावरून निवृत्त झाले. २९ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

कल्याणच्या चाळीत पाण्यासाठी रांगेत उभी असलेली गृहिणी आणि निवाऱ्यात बसलेला निकोबारी शेतकरी यांच्यामध्ये अवघा समुद्र पसरलेला आहे. पण दोघांचाही प्रश्न एकच असतो : पाणी केव्हा येणार? या प्रश्नाला उद्धटपणा न मानता त्याचे उत्तर शोधीत राहणे, याचेच नाव लोकसेवा.