कॅसलरेविषयी माझे बदललेले मत

रॉबर्ट स्ट्युअर्ट ऊर्फ लॉर्ड कॅसलरे. १८१२ ते १८२२ अशी दहा वर्षे ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री असलेल्या या माणसाचा मी अनेक वर्षे मनापासून तिरस्कार केला. आज तो तिरस्कार उरलेला नाही. तो का ओसरला, हे मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांना कॅसलरे पहिल्यांदा भेटतो तो शेलीच्या कवितेत. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकाराची मागणी करायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घालण्यात आले. इटलीत ही बातमी कळल्यावर शेलीने ‘द मास्क ऑफ अनार्की’ लिहिली आणि खुनालाच कॅसलरेचा मुखवटा चढवला. तरुण वयात अशी कविता रक्तात भिनते. पुढे आयर्लंडचा इतिहास वाचला आणि राग दुणावला. १७९८ चा उठाव निर्दयपणे चिरडला गेला, तेव्हा डब्लिनच्या सरकारात मुख्य सचिवाचे काम कॅसलरेच पाहत होता. नंतर तिथली पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विलीन करण्यासाठी त्याने सरदारक्या आणि पैसा वाटून मते जमवली. कॅथलिकांना राजकीय हक्क द्यायला राजा तिसरा जॉर्ज तयार होईना, तेव्हा १८०१ मध्ये त्याने पद सोडले, हेही माझ्या वाचनात आले होते. मी त्याला वजन दिले नाही.

मन पहिल्यांदा हलले ते आपल्याच इतिहासातल्या एका कागदाने. डिसेंबर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला आणि पेशवाई कंपनीच्या दावणीला बांधली. त्या काळात लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता कॅसलरे. मार्च १८०४ मध्ये त्याने या तहावर टिपण लिहिले आणि त्यात शंका काढल्या. शिंदे, भोसले, होळकर ही व्यवस्था मनापासून कशी स्वीकारतील? मराठ्यांच्या आपसांतल्या न संपणाऱ्या तंट्यांत कंपनी गुंतत जाणार नाही का? असईची लढाई जिंकलेल्या आर्थर वेलस्लीने त्याला मुद्देसूद उत्तर दिले. टिपण हिंदुस्थानात पोहोचण्याच्या आधीच शिंदे आणि भोसले हरून तह करून बसले होते, त्यामुळे त्याचा आपल्याला काही उपयोग झाला नाही. शिवाय मराठ्यांच्या कळवळ्याने त्याने ते लिहिलेच नव्हते; काळजी कंपनीची होती. तरीही जिंकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस विचारत होता, की लादलेला तह टिकणार कसा? हा प्रश्न विचारणारा कॅसलरे मला अनोळखी होता. म्हणून मी त्याचे पुढचे काम नीट वाचायला घेतले.

तोच प्रश्न त्याने पुढे सगळ्या युरोपापुढे मांडलेला दिसला. व्हिएन्नाच्या परिषदेत रशियाच्या झारला पोलंड हवा होता, प्रशियाला अख्खे सॅक्सनी. नेपोलियनला हरवणारे मित्र आपसांतच लढायच्या बेतात आले. तेव्हा ३ जानेवारी १८१५ रोजी कॅसलरेने ऑस्ट्रियाच्या मेटरनिखशी आणि हरलेल्या फ्रान्सच्या तालेराँशी गुप्त तह केला. युद्धात गुंतू नका, असे लंडनच्या मंत्रिमंडळाने कळवलेले असताना त्याने ही जोखीम घेतली. झार आणि प्रशिया दोघेही नमले, आणि सॅक्सनीचे राज्य लहान होऊन का होईना, उरले.

पण माझे मत खऱ्या अर्थाने पालटले ते वॉटर्लूनंतरच्या महिन्यांमुळे. नेपोलियन एल्बाहून परतला तेव्हा फ्रान्सने त्याला पुन्हा डोक्यावर घेतले होते. आता प्रशियाला सीमेवरचे प्रांत तोडून हवे होते, लंडनची वृत्तपत्रे सूडाची भाषा बोलत होती, खुद्द मंत्रिमंडळालाही कडक शिक्षा हवी होती. कॅसलरे या सगळ्यांशी भांडला. जिंकल्याच्या खुणा गोळा करत बसण्यापेक्षा जगाला शांततेची सवय लावणे हे आपले काम, असा त्याचा आग्रह होता. वेलस्ली, म्हणजे आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याच्या बाजूने उभा राहिला. नोव्हेंबर १८१५ च्या तहात फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकची खंडणी बसली, दीड लाखांची फौज जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी ठेवायचे ठरले. पण अल्सास आणि लोरेन फ्रान्सकडेच राहिले. १८१८ मध्ये ती फौजही परत गेली आणि फ्रान्स बड्या सत्तांच्या बैठकीत बरोबरीने बसला. १८७१ मध्ये जर्मनीने हेच प्रांत तोडले आणि त्या जखमेची किंमत युरोपने किती वर्षे मोजली, हे आठवले की कॅसलरेचे हे भांडण मला फार मोठे वाटते.

स्पेनमध्ये क्रांती झाली तेव्हा ५ मे १८२० च्या टिपणात त्याने मित्रराष्ट्रांना बजावले, की ही युती फ्रान्सच्या लष्करी वर्चस्वाला आवर घालण्यासाठी आहे, दुसऱ्यांच्या घरातल्या राज्यव्यवस्थेवर पहारा ठेवण्यासाठी नाही. आणि याच माणसाने मायदेशी, मँचेस्टरनंतर, सभा आणि छापखाने यांवर बंधने घालणारे कायदे कॉमन्समधून मंजूर करून घेतले. यातला एक कॅसलरे खरा आणि दुसरा खोटा, असे मला म्हणता येत नाही. मँचेस्टरबद्दल शेलीचा निवाडा मला आजही पटतो. युरोपबद्दलचा पटत नाही.

१२ ऑगस्ट १८२२ रोजी, ५३ व्या वर्षी, भ्रमाने पछाडलेल्या अवस्थेत त्याने गळ्यावर चाकू फिरवून घेतला. डॉक्टरांनी वस्तरे काढून ठेवले होते. लेखण्या तासायचा छोटा चाकू राहून गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दाराशी शवपेटी आली तेव्हा जमलेल्या लोकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. एके काळी मला तो जनतेचा न्याय वाटे. आता ते वाचवत नाही.

शेलीची ती कविता वर्गात शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तिच्या शेजारी १८२० चे ते टिपणही मुलांच्या हाती द्या आणि निवाडा त्यांना करू द्या.