चेंडूपासून लांब उभं राहणं

फुटबॉल नुकताच हाती आलेल्या पोरांचा खेळ पाहिलाय कधी? चेंडू जिथे, तिथे सगळी पोरं, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' काढलं, शाळाशाळांना फुटबॉल दिले आणि एका दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला खेळायला लावलं. त्या सुमारास वाळवा तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मी हा देखावा बराच वेळ पाहत उभा होतो. गुरुजी घसा फोडून "पसरा रे, पसरा!" म्हणत होते आणि कुणी पसरत नव्हतं. मला पोरांचंच बरोबर वाटलं. चेंडू सोडून लांब रेषेपाशी जाऊन उभं राहायचं, तर तो आपल्याकडे येणार याची हमी कोण देणार?

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबर २०१७ ला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचा सतरा वर्षांखालचा संघ विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध उतरला. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. वडील रिक्षा चालवणारे, पोरगा सतरा वर्षांचा. भारत तीन गोलांनी हरला. पुढे कोलंबियाशी आणि घानाशीही हरला. तरी आमच्याकडे त्या पोराचं कौतुक झालं, ते 'आपल्या भागातला' म्हणून. आता, कोल्हापूरचा पोरगा सातारा-सांगलीचा 'आपला' कसा होतो, ते विचारू नये. एरवी पाण्यापासून तांबड्या रश्शापर्यंत सगळ्यावर आम्ही त्यांच्याशी भांडतो. पण कोल्हापूरहून पुण्याला निघालेला पोरगा पेठनाक्यावरून, कऱ्हाडवरून, साताऱ्याच्या बगलेतून आणि खंबाटकी उतरूनच जातो. एवढं नातं पुरेसं आहे.

अनिकेत त्याच रस्त्याने बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. मग पुण्याच्या क्लबच्या अकादमीत, तिथून भारतीय फुटबॉल महासंघाच्या एलिट अकादमीत. विश्वचषकात तो आघाडीला खेळला. पुढे क्लबांसाठी मात्र तो मुख्यतः विंगला, मैदानाच्या कडेला दिसू लागला.

विंगरचं काम वरून फार देखणं दिसतं. कडेने सुसाट पळायचं, बचावपटूला झुकांडी द्यायची, चेंडू गोलसमोर टाकायचा. प्रेक्षक उठून उभे राहतात ते या पळण्यासाठी. पण नव्वद मिनिटांतला बहुतेक वेळ तो पळत नसतो. टचलाईनला चिकटून, मैदान रुंद ठेवून वाट पाहत असतो. त्याच्या तिथे असण्यानेच समोरचा एक बचावपटू बाहेर ओढला जातो आणि मध्ये जागा होते. चेंडूला पाय न लावताही काम चालू असतं, आणि ते कुठल्याही गुणफलकावर चढत नाही. वाळव्याच्या पोरांना जे जमत नव्हतं ते हे.

कोल्हापुरात हे पोरांना फारसं शिकवावं लागत नसावं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावं ऐका. निम्म्या नावांना अजून तालमीच्या मातीचा वास आहे. पेठेपेठेचा संघ, संघासंघाचं वैर आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भर उन्हात बसून पासवर टीका करणारी म्हातारी माणसं. पोरगं कळत्या वयापासून हे पाहतं. पास वेळेवर दिला नाही तर अख्खी पेठ दिवसभर त्या खेळाडूचा उद्धार करते, हे त्याला ठाऊक असतं. कडेला उभं राहिलं तर चेंडू येईल, हा भरवसा त्याला शहराकडून मिळतो. मिरजेत फुटबॉल खेळला जातो, साताऱ्यातही खेळणारे आहेत. पण ज्याच्यासाठी दोन पेठांत अबोला धरला जावा, एवढा तो आमच्या रक्तात गेलेला नाही.

आमच्या मातीत एकटी माणसं पिकतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य घेऊन आले. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. क्रिकेट सांघिक खेळ खरा, पण सांगलीची स्मृती मानधना सोळाव्या वर्षी भारताकडून खेळली ती फलंदाज म्हणून. आणि समोरून येणारा चेंडू शेवटी एकटीलाच खेळायचा असतो.

सर्वांत लख्ख उदाहरण साताऱ्याच्या अदिती स्वामीचं. शहराजवळ उसाच्या शेतात उभी राहिलेली दृष्टी आर्चरी अकादमी, प्रवीण सावंतांसारखे प्रशिक्षक आणि पन्नास मीटरवरचं लक्ष्य. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटर व्यासाचं. जुलै २०२३ मध्ये अदिती आयर्लंडमधल्या लिमरिकला अठरा वर्षांखालची जगज्जेती झाली आणि पुढच्याच महिन्यात, ५ ऑगस्टला, बर्लिनमध्ये थेट मोठ्यांची. वय सतरा. अंतिम लढतीत पंधरा बाणांत १५० पैकी १४९ गुण. कनिष्ठ विजेतेपदावरून वरिष्ठ विजेतेपदापर्यंत जायला तिला एक महिना पुरला, कारण मधे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. बाण एकदा दहाच्या वर्तुळात रुतला की प्रशिक्षक बदलो, निवड समिती बदलो, तो दहाचाच. अशी खेळाडू घडवायला शेताचा एक तुकडा, एक जिद्दी गुरू आणि एक खुळं घर पुरतं. हे थोडं नाही. पण विंगर असा घडत नाही. त्याला पास देणारा लागतो, तो पास देणाऱ्यालाही कुणी तरी दिलेला लागतो, आणि रोज अडवायला समोर तितक्याच तयारीचा बचावपटू लागतो. पोरांची निवड अकादमी करते. गर्दी तिला पुरवता येत नाही.

अनिकेतची पुढची वाट म्हणूनच अदितीसारखी सरळ नव्हती. विश्वचषकानंतर महिना-दीड महिन्यातच, नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस, इंडियन ॲरोज या संघाकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. वाटलं, आता हा पोरगा थांबत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालच्या संघाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. भारतीय फुटबॉलमध्ये अशी संध्याकाळ क्वचित येते. त्या सामन्याच्या उत्तरार्धात अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. भारताचा दुसरा गोल, अन्वर अलीचा, त्यानंतरचा. म्हणजे दहा जणांचा. एवढा मोठा विजय, आणि त्याचा उरलेला वेळ मैदानाबाहेर काढायचा! मला या प्रसंगाचं नेहमी कुतूहल वाटतं. मल्ल बाद झाला तर कुस्ती तिथेच संपते. इथे आपण चुकलो तरी उरलेले दहा जण लढतात आणि जिंकतात, आणि मग त्या विजयात आपण नेमके किती, हा हिशेब आयुष्यभर सुटत नाही.

पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादने पेनल्टींवर केरळ ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. त्याच महिन्यात बहारीन आणि बेलारूसविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी अनिकेत वरिष्ठ संघात गेला. दोन्ही सामने भारत हरला. पण त्या दौऱ्यात देशाची मोठी जर्सी त्याच्या अंगावर आली. दिल्लीच्या त्या ऑक्टोबरनंतर साडेचार वर्षांनी. वय एकवीस. यात उशीर झाला असं म्हणवत नाही. कनिष्ठ विश्वचषकाच्या संघातल्या त्या एकवीस पोरांपैकी कितीतरी जणांची नावं आज फुटबॉलवेड्यांनाही आठवून सांगावी लागतात.

आणि वरिष्ठ संघ गाठला म्हणजे तिथे घर बांधलं असंही नाही. अदितीचे १४९ गुण नोंदवहीत कायमचे आहेत. विंगरला मात्र प्रत्येक मोसमात नव्या यादीत नाव यावं लागतं, आणि ती यादी करणारा माणूसही काही वर्षांनी बदलतो. हैदराबादनंतर अनिकेत कोलकात्यात ईस्ट बंगालकडे गेला, मग ओदिशाकडे. प्रत्येक शहरात नवे सोबती, नवी भाषा. मधल्या फळीतल्या कुणा मणिपुरी, बंगाली किंवा स्पॅनिश खेळाडूला पुन्हा पहिल्यापासून पटवून द्यायचं की मी इथे कडेला मोकळा आहे, चेंडू टाक.