एकदाच मिळणारी संधी

दिल्ली कँटमधल्या क्वार्टरमध्ये शनिवारी सकाळी लेकीने विचारलं, “बाबा, आपल्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर चालेल?” मायक्रोसॉफ्टचा, २०२०चा.

किमान गरजा कागदावर लिहिल्या : ८ जीबी रॅम, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १५० जीबी जागा. ‘डीएक्सडायग’ चालवून पाहिलं. रॅम पास. जुने फोटो हलवल्यावर जागाही पास. ग्राफिक्स कार्ड मात्र नव्हतंच.

“नापास,” मी म्हणालो. तिचा चेहरा पडला आणि मला माझी एसएसबी आठवली. वायुदलासाठीची पायलट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आयुष्यात एकदाच देता यायची. मी नापास झालो. खडकवासल्याला गेलो तो आर्मी कॅडेट म्हणून. तक्रार नाही, पण विमान गेलं की मान अजूनही वर जाते. २०२२पासून एनडीएत मुलीही जातात, आणि लेकीचा अभ्यास सुरू आहे.

नेहरू प्लेसहून कार्ड आणलं, त्याला पुरेल असा एसएमपीएसही. रात्री तिने लोहगावहून उड्डाण केलं, खडकवासल्याकडे वळली आणि दोन मिनिटांत विमान पाडलं.

“बाबा, पुन्हा घेऊ?”

“घे. इथे कितीही वेळा घेता येतं.”