कुर्डुवाडीपर्यंत आणि परत

पहाटे साडेपाचला सोलापूर स्थानकाच्या फलाटावर एक आजोबा आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू येऊन बसले. आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, मुनिसंघाच्या वर्षायोगाची कलशस्थापना व्हायची होती आणि त्याच प्रसंगी आजोबा महाराजांच्या चरणी आजन्म वाहनत्यागाचा नियम घेणार होते. कापडाच्या व्यापारात चाळीस वर्षे आगगाडीने हिंडलेल्या, वेळापत्रके मुखोद्गत असलेल्या या गृहस्थाच्या नियमाचे घरात कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यांच्या मागणीचे. नियमापूर्वीचा एक दिवस त्यांना केवळ गाड्या पाहण्यात घालवायचा होता.

नातवाजवळ वही होती. गाड्यांची नावे आणि इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवण्याचा छंद त्याला आजोबांनीच लावलेला.

पहिली नोंद झाली वंदे भारतची. फेब्रुवारी 2023पासून धावणारी ही गाडी गेली तरी फलाटावर तिच्यामागे रेंगाळणारे कुणी नव्हते; सोलापूरकरांचा जीव तिच्यानंतर सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये अडकलेला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघा सोलापूरकरांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या स्मरणाने ही गाडी रोज पुण्याला जाते. रोजचा पास काढून बसणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते ध्यानी असते, हा प्रश्न वेगळा. नातवाने मात्र चारही नावे वहीत लिहून घेतली आणि दोघे त्याच गाडीत बसले. तिकिटे कुर्डुवाडीपर्यंतचीच होती.

मुंबईकडून येणारा लोहमार्ग सोलापुरास 1860 साली पोहोचला. भोर घाटाचे काम पुरे व्हायला 1863 उजाडले. म्हणजे तीन वर्षे सोलापूरच्या कापसाला घाट रस्त्यानेच उतरावा लागत होता. पुढे 1871मध्ये रायचूरपाशी मद्रासकडचा मार्ग येऊन मिळाला आणि सोलापूर मुंबई-मद्रास हमरस्त्यावर आले. गुजरातेतून आलेल्या जैन व्यापारी घराण्यांचा येथे जम बसला, त्यात या मार्गाचा वाटा मोठा. एवढे गजबजलेले असूनही सोलापूर हे नावाने जंक्शन नाही. तो मान दक्षिणेस होटगीला आणि उत्तरेस कुर्डुवाडीला.

सीनेचा पूल गेला, मोहोळ गेले, माढा गेला. नुकत्याच उगवलेल्या तुरीच्या ओळी खिडकीतून मागे पळत होत्या. पूर्वी या एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत तासन्‌तास एखाद्या आडस्थानकात तिष्ठत बसावे लागे. दौंड ते वाडी मार्ग 2022मध्ये संपूर्ण दुहेरी झाला. विजेच्या ताराही आल्या. त्या थांब्यांवर भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बायांची उपजीविकाही त्याबरोबर गेली, हे आजोबांनी सांगितले तेव्हा नातवाला त्यात विशेष काही वाटले नाही. त्याने तो थांबा पाहिलेलाच नव्हता.

कुर्डुवाडीस उतरताच वारकऱ्यांचा महापूर दिसला. एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. पंढरपूरकडून येणाऱ्या गाडीतून पडशी, वीणा, तुळशीच्या कुंड्या आणि चिखलाने भरलेले पाय उतरत होते. चालत आलेली माणसे गाडीने परतत होती. आजोबा गर्दीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“हे चालत येतात आणि गाडीने जातात. आपले महाराज येतातही चालत आणि जातातही चालत,” नातू म्हणाला.

“आणि श्रावक?”

“श्रावक गाडीने जाऊन महाराजांच्या आधी पोहोचतात.”

आजोबा हसले. उत्तरात खोट नव्हती.

कुर्डुवाडीचे जुने नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथून बार्शीपर्यंत 762 मिलिमीटर रुंदीची चिमुकली रेल्वे 1897मध्ये सुरू केली. कमी वजनाचे रूळही डब्यांचा भार पेलू शकतात, हे त्याला सिद्ध करायचे होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा हिशेब होता. बार्शी लाइट रेल्वे पुढे 1906मध्ये पंढरपूर, 1911मध्ये लातूर आणि 1927मध्ये मिरजेपर्यंत गेली. मुख्य मार्गाची रुंदी 1676 मिलिमीटर, तर गदग-विजापूरकडून सोलापुरास येणाऱ्या मीटरगेजची 1000. एका जिल्ह्यात तीन मापांचे रूळ! कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतले पोते हमालाच्या पाठीवर चढे आणि लहान गाडीत उतरे. आज जंक्शन म्हणजे मार्ग बदलण्याचे ठिकाण. तेव्हा ते ओझे बदलण्याचेही ठिकाण होते.

याच लहान रुळांशी सोलापूरच्या एका जैन तरुणाचे नाव जोडलेले आहे. 1882मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींनी घरच्या पेढीत न रमता, रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी केली आणि बार्शी लाइटच्या येडशी-तडवळे भागातील बांधकामाचा ठेका घेतला. जहाज, विमान, साखर, मोटार हे सारे त्यानंतरचे. समाजाच्या सभांतून वालचंदांचे नाव निघते ते जहाजांसाठी. येडशीच्या माळावरच्या त्या मातीकामाची आठवण क्वचितच निघते, ही थोडी उणीवच म्हणायची.

आजोबांना मात्र ती लहान गाडी वेगळ्याच कारणाने आठवत होती. 1955च्या पावसाळ्यात आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना कुंथलगिरीवर चालू होती. सात वर्षांचे आजोबा वडिलांच्या बोटाला धरून याच फलाटावरून बार्शीच्या गाडीत चढले होते. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बार्शीपासून पुढे बैलगाडी, आणि अखेरची चढण पायी. छत्तीस दिवसांच्या उपोषणानंतर 18 सप्टेंबरला महाराजांचा देह विसावला. एवढ्या गर्दीत लहानग्याला दर्शन झाले ते दुरूनच. मनात ठसली ती परतीच्या गाडीतली शांतता.

ती गाडी आता नाही. 2002 ते 2010 या काळात टप्प्याटप्प्याने तिचे सर्व रूळ रुंद झाले. नातवाने तिची खूण इंजिनांच्या अक्षरांत शोधली. डब्ल्यूएपी-7 या नावातील डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, ए म्हणजे पर्यायी विद्युतप्रवाह, पी म्हणजे प्रवासी गाडी. मालगाडीच्या इंजिनात पीच्या जागी जी येतो. मीटरगेजसाठी वाय, अरुंद मार्गासाठी झेड. दुपारी दोनपर्यंत त्याच्या वहीत अनेक क्रमांक जमले, सिमेंटच्या एका लांबलचक मालगाडीचे डबेही मोजून झाले. पण वाय आणि झेड हे रकाने रिकामेच राहिले.

परतीच्या गाडीने दोघे सोलापुरास आले तेव्हा ऊन कलले होते. सूर्यास्तापूर्वी डबा उघडला गेला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, लसणाविना कुटलेली शेंगाचटणी आणि गाळून उकळलेले पाणी. शेजारच्या बाकावरील प्रवाशाने चटणी चाखून लसणाची चौकशी केली. त्याला कारण सांगण्यात दहा मिनिटे गेली.

तेवढ्यात हासनला जाणारी गाडी लागल्याची घोषणा झाली. बेंगळुरू-हासन मार्ग 2017मध्ये पुरा झाला तेव्हापासून श्रवणबेळगोळ गावालाच स्थानक मिळाले आहे. त्याआधी दूरच्या स्थानकावर उतरून मोटारीने जावे लागे. 2018च्या महामस्तकाभिषेकाला आजोबा तेथे होते. नातू तेव्हा फारच लहान होता. पुढचा अभिषेक 2030चा, आणि त्याला नेण्याचे वचन त्यांनी देऊन ठेवलेले.

“2030ला मला कोण नेणार?” नातवाने विचारले. प्रश्न सकाळपासून मनात असावा, कारण त्याने वहीतून डोके वर काढले नाही.

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. दिग्व्रतात मनुष्य दिशांना मर्यादा घालतो, ती स्वतःच्या पायांना. दुसऱ्याला दिलेल्या शब्दाचे काय, याचा विचार त्यांनी केला नव्हता असे नाही. पण त्याचे उत्तर त्यांना अद्याप सापडले नव्हते.

“तुझे बाबा नेतील,” ते अखेर म्हणाले. “आणि परत आल्यावर वही मला दाखवायची. किती वाजता कुठले स्थानक, सगळे.”

“तुम्ही गाड्या पाहायला याल ना, आजोबा?”

“घरापासून स्थानक चालत वीस मिनिटांवर आहे. पाहण्याचा त्याग केलेला नाही.”

हासनची गाडी हलली. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत दोघे उभे राहिले. मग बाहेर येऊन नातू चालू लागला, तसे आजोबांनी त्याला थांबवले.

“रिक्षा बोलाव,” ते म्हणाले. “नियम उद्यापासून आहे.”