प्रांताचं बोलावणं

ती. ताईस,


फोनवर दाजी सारखं ‘टोरांटो’ म्हणत होते आणि चिरंजीव ‘मॅनिटोबा’. बापलेक कॅनडा या एकाच देशाबद्दल बोलत असले तरी एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते. टोरांटोहून मॅनिटोबातलं विनिपेग रस्त्यानं दोन हजार किलोमीटरच्या वर पडतं. मधल्या बऱ्याच रस्त्यावर जंगल, तळी आणि खडक याखेरीज फारसं काही नाही. तू विचारलंस, हे ‘नॉमिनेशन’ काय प्रकरण आहे आणि त्यासाठी एजंटाला तीन लाख द्यायचे का. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, पण दाजींचं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा लांबण लावतो. वाचून झालं की पत्र त्यांच्या हाती दे.

मॅनिटोबा प्रांत आकारानं महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. 2021 च्या जनगणनेत तिथली माणसं भरली साडेतेरा लाखांच्या आत. आपल्या एका सांगली जिल्ह्यात 2011 सालीच अठ्ठावीस लाख होती. बरं, त्या साडेतेरा लाखांतले साडेसात लाख एकट्या विनिपेग शहरात राहतात. उरलेल्या अफाट मुलखात गहू, कनोला, सरोवरं आणि लांबलांबवर पसरलेली छोटी गावं. कारखाने आहेत, इस्पितळं आहेत, शाळा आहेत. माणसं पुरत नाहीत.

ही रड जुनी आहे. कॅनडानं 1967 मध्ये गुण मोजून परदेशी माणसं निवडायला सुरुवात केली. शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांचे गुण लावून माणसं येऊ लागली खरी, पण आलेला प्रत्येक जण उतरायचा टोरांटोला, माँट्रियलला, नाहीतर व्हँकुव्हरला. मॅनिटोबाच्या वाट्याला थोडेच यायचे, आणि त्यातलेही एक-दोन हिवाळे काढून सटकायचे. नव्वदच्या दशकात विनिपेगच्या कपड्यांच्या कारखान्यांना शिलाई मशीन चालवणारी माणसं मिळेनात, तेव्हा प्रांतानं ओटाव्याच्या केंद्र सरकारशी वाटाघाटी सुरू केल्या. त्यांच्या 1867 च्या राज्यघटनेत स्थलांतर हा विषय केंद्र आणि प्रांत दोघांच्याही अखत्यारीत ठेवलेला आहे, शेवटचा शब्द मात्र केंद्राचा. त्या कलमाचा आधार होताच. 1996 मध्ये करार झाला आणि 1998 मध्ये मॅनिटोबाची योजना चालू झाली: माणूस आम्ही निवडून नाव सुचवू (हेच ते ‘नॉमिनेशन’), तब्येत आणि पोलीस तपासणी करून कायमच्या वास्तव्याचा परवाना केंद्रानं द्यावा. पुढं क्वेबेक आणि नुनावुट सोडले तर सगळ्या प्रांतांनी आणि प्रदेशांनी हाच कित्ता गिरवला.

या योजनेनं गावं कशी बदलली, हे बघायला विनिपेगच्या दक्षिणेला जावं लागतं. विंकलर आणि स्टाइनबाख ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जुनी गावं. घरोघरी जर्मन बोली आणि रविवारी चर्च. तिथल्या लोकांनी काय केलं, तर थेट जर्मनीतली, त्यातही सोव्हिएत मुलखातून एकदा जर्मनीत आलेली कुटुंबं शोधली. त्यांना भाषा कळत होती, धर्म ओळखीचा होता, आणि सुतारकाम, वेल्डिंग, ट्रेलर बांधणी असली कामं हाताला होती. ही कुटुंबं तिथं रुजली. पश्चिमेला ब्रँडन नावाचं पन्नास हजार वस्तीचं शहर आहे. तिथल्या डुकराच्या मांसाच्या मोठ्या कारखान्यानं 2002 पासून मेक्सिको, एल साल्वादोर, चीन, युक्रेन अशा देशांतून कामगार आणले. सहा महिने काम केलं की प्रांत त्यांचं नाव पुढं पाठवायचा. थंडगार हॉलमध्ये पट्ट्यावरून सरकणारं मांस दिवसभर सुरीनं कापायचं, हे ते काम. त्या जोरावर माणसं बायकापोरांसह कॅनडाची झाली. विनिपेगमध्ये फिलिपिनो लोकांचं प्रस्थही कपडे कारखान्यांपासूनच वाढलं. एकानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

यावरून प्रांत काय बघतो ते ध्यानात येईल. हुशारी बघतो, पण त्याहून जास्त बघतो की हा माणूस टिकेल का.

मॅनिटोबाची गुणांची पद्धत उघडून बघितली तर हे लख्ख दिसतं. तिथं राहणारा जवळचा नातेवाईक असेल तर 200 गुण, त्यात चुलत-मावस भावंडंही धरतात. प्रांतात सहा महिने नोकरी झालेली असून मालक पुढंही ठेवायला तयार असेल तर 500. विनिपेगबाहेर कुठं वसायची तयारी असेल तर आणखी 50. आणि दुसऱ्या एखाद्या प्रांतात शिक्षण किंवा नोकरी केलेली असेल तर उलट 100 गुण कापतात! म्हणजे कॅनडातला अनुभव असूनही तोटा, कारण हा गडी उद्या तिकडंच पळणार असा हिशोब. सोयरीक जुळवणाऱ्या म्हाताऱ्या बायका मुलाच्या पगारापेक्षा त्याच्या घरच्या माणसांची चौकशी आधी करतात, तसलाच हा मामला. परदेशातून थेट अर्ज करणाऱ्याला तर मॅनिटोबाशी काहीतरी धागा दाखवावाच लागतो: नातलग, मित्र, आधीचं शिक्षण किंवा नोकरी, नाहीतर प्रांतानं स्वतः भरतीसाठी दिलेलं आमंत्रण. चिरंजीवांकडं आज यातलं काहीही नाही. एजंटानं ही गोष्ट सांगितली का, हे त्याला विचार.

दुसरी एक वाट ‘एक्स्प्रेस एंट्री’तून जाते. केंद्राची ही यंत्रणा जानेवारी 2015 मध्ये चालू झाली. त्यात माणसाला जास्तीत जास्त 1,200 गुण मिळू शकतात आणि त्यातले 600 नुसत्या प्रांताच्या नॉमिनेशनचे. 2024 मध्ये सर्वसाधारण सोडतींत पाचशेच्या पुढं गुण असलेल्यांनाच बोलावणं येत होतं. तेव्हा साडेतीनशे-चारशेवर अडकलेल्या मुलाला प्रांतानं पसंत केलं तर तो एका फटक्यात रांगेच्या पुढं जातो. एजंट लोक या सहाशे आकड्याचंच भांडवल करतात. आकडा खोटा नाही. पण तो देणं न देणं प्रांताच्या हातात आहे, एजंटाच्या नाही.

आणि प्रांताच्या हातात तरी किती? ऑक्टोबर 2024 मध्ये कॅनडा सरकारनं पुढच्या वर्षाचे आकडे जाहीर केले. घरांची टंचाई, वाढलेली भाडी, इस्पितळांवरचा ताण यावरून तिथं जनमत तापलं होतं. प्रांतांच्या योजनेतून 2024 मध्ये 1,10,000 माणसं घ्यायची ठरली होती, ती 2025 साठी थेट 55,000 वर आणली. प्रत्येक प्रांताच्या वाटणीच्या जागाही निम्म्या झाल्या. मॅनिटोबाला सुरुवातीला 4,750 जागा मिळाल्या. वर केंद्रानं सांगितलं की यातली पाऊण हिस्सा नावं आधीपासून कॅनडात असलेल्यांची हवीत. सांगलीत बसून अर्ज करणाऱ्याच्या दृष्टीनं दार अर्धं लागलं आणि उरलेल्या फटीतही आतल्यांचीच गर्दी. काही प्रांतांनी भांडून थोड्या जागा वाढवून घेतल्या. 2026 साठी केंद्रानं आकडा पुन्हा 91,500 पर्यंत चढवला आहे. अंगणातल्या नळासारखं नाही हे, की तोटी सोडली आणि पाणी आलं. ओटाव्यातला एक मंत्री एका सकाळी बोलतो आणि हजारो लोकांचे बेत उलटतात.

उलटतात म्हणजे कसे, ते प्रिन्स एडवर्ड आयलंडवर दिसलं. हा कॅनडाचा सगळ्यांत छोटा प्रांत, बटाट्यासाठी प्रसिद्ध. शिक्षण आणि मग दुकानात-हॉटेलात नोकरी करून नॉमिनेशन मिळतं, या आशेनं शेकडो पोरं तिथं जमली होती, त्यात भारतीय पुष्कळ. 2024 च्या सुरुवातीला प्रांतानं ठरवलं की आता आरोग्यसेवा आणि बांधकामातली माणसं आधी, विक्री आणि हॉटेलसेवेतली कमी. मे महिन्यात शार्लटटाउनला पोरांनी निदर्शनं केली, काहींनी उपोषण केलं. नियम ऐनवेळी बदलला, ही त्यांची तक्रार चुकीची नव्हती. पण प्रांताचाही मुद्दा होता, कारण त्याच बेटाचा अनुभव असा की नॉमिनेशन घेऊन लोक परवाना हातात पडला की ओंटारियो गाठतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या छोट्या प्रांतांत आलेली माणसं टिकण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी आहे.

इथं दाजी हमखास विचारतील, की मग कायमच्या वास्तव्याचं कार्ड मिळाल्यावर टोरांटोला जायला काय हरकत? कायद्यानं काहीच नाही. कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं सहावं कलम कायम रहिवाशाला कुठल्याही प्रांतात राहायला आणि काम करायला मोकळीक देतं. पण अर्ज करताना ‘त्याच प्रांतात राहायचा माझा खरा इरादा आहे’ हे माणूस सही करून सांगत असतो. विमानातून उतरल्या दिवशीच टोरांटोची घरभाडी शोधणाऱ्याला तिथला अधिकारी चार प्रश्न जास्त विचारू शकतो. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं दार बंद. ऑस्ट्रेलियानं हा घोळच ठेवलेला नाही. त्यांचा 491 क्रमांकाचा व्हिसा आधी पाच वर्षांपुरता मिळतो, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं, आणि तीन वर्षं तिथं काढल्यावरच कायमच्या परवान्याचा अर्ज करता येतो. कडक आहे, पण निदान सरळ आहे.

आता चिरंजीवांच्या कामाचं. कुपवाड एमआयडीसीत तो सहा वर्षं सीएनसी आणि तपासणीच्या कामावर आहे, ही जमेची बाजू, आणि बारीकसारीक नाही. विनिपेगमध्ये बस बांधतात, विमानाचे भाग बनवतात, शेतीची अवजारं बनवतात. मशीनिस्ट आणि तपासनीस तिथं हवेच असतात. अडचण कागदांची आहे. त्याच्या आधीच्या कंपनीनं दिलेलं पत्र बघितलं: लेटरहेडवर चार ओळी, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली शिक्का, सही कुणाची ते वाचता येत नाही. हे पत्र कॅनडात शून्य किमतीचं. तिथं हुद्द्याच्या नावाला विचारत नाहीत. दिवसभर नेमकं काय करत होता, आठवड्याला किती तास, पगार किती, हे ओळीनं लिहिलेलं हवं आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन हवा. त्यानं ड्रॉइंग वाचून सेटिंग केलं, मायक्रोमीटरनं मापं घेतली, रिजेक्शनचे रिपोर्ट लिहिले, हे सगळं त्या पत्रात यायला हवं. मालक अजून तिथंच आहेत, तोवर घेऊन टाकावं. कारखाना विकला गेला की मग हेलपाटे.

एक गोष्ट त्याला कदाचित बोचेल. ‘इंजिनिअर’ म्हणून स्वतंत्रपणे काम करायला तिथं प्रांताच्या मंडळाचा परवाना लागतो आणि तो पहिल्याच वर्षी मिळत नाही. सुरुवात मशीनवर उभं राहून होईल. त्याला चालणार असेल तर प्रश्न नाही. पगार वाईट नसतो.

थंडीबद्दल तू विचारलंस. जानेवारीत विनिपेगला रात्रीचं तापमान उणे वीसच्या आसपास असणं म्हणजे नेहमीची रात्र, आणि ते उणे तीसपर्यंतही जातं. पार्किंगमध्ये ओळीनं विजेचे खांब असतात, रात्री गाडीची वायर काढून त्यात लावायची, म्हणजे इंजिनाचं तेल गोठत नाही आणि सकाळी गाडी सुरू होते. लोक नोकरीला जातात, पोरं शाळेत जातात, सगळं चालू असतं. पण चार-पाच महिने असंच, आणि नवीन माणूस बहुतेकदा तिसऱ्या महिन्यात कंटाळतो. जायचं असेल तर हे धरून जावं.

राहिला एजंट. फी घेऊन कॅनडाचा अर्ज भरायचा अधिकार फक्त तिथल्या वकिली व्यवसायातल्या परवानाधारकांना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेत नोंदलेल्या सल्लागारांना असतो. त्या संस्थेच्या यादीत नाव शोधता येतं. तुम्ही गेला होता त्या कार्यालयानं नोंदणी क्रमांक विचारल्यावर ‘आमचं हेड ऑफिस बघतं’ असं सांगितलं म्हणालीस. तेवढ्यावरच उठून यायला हवं होतं. मॅनिटोबाची स्वतःची फी 500 डॉलर, केंद्राची एका प्रौढ माणसामागं 2024 च्या दरानं 1,525. डॉलर साठ रुपयांच्या घरात धरला तर हे सव्वा लाखाच्या आसपास जातं. भाषेची परीक्षा, पदवीची तपासणी, वैद्यकीय चाचणी हे वेगळं. शिवाय तिथं उतरल्यावर गुजराण होईल इतकी रक्कम खात्यात दाखवावी लागते, पण ती आपलीच असते, कुणाला द्यायची नसते. तीन लाखांत काय मिळणार होतं, कळत नाही. ‘नॉमिनेशनची हमी’ तर कॅनडाचा पंतप्रधानही देऊ शकत नाही.

माझं मत विचारशील तर, पोराला विनिपेग किंवा ब्रँडन हेच गाव म्हणून चालत असेल, तिथं घर घेऊन पाच-दहा वर्षं काढायची तयारी असेल, तर त्यानं खुशाल प्रयत्न करावा, आणि एजंटाशिवाय करावा. फॉर्म अवघड नाहीत, फक्त किचकट आहेत. मनात टोरांटो असेल तर हा रस्ता त्याच्यासाठी नाही, आणि ते त्यानं दाजींना आत्ताच स्पष्ट सांगावं.

आधी अनुभवाची पत्रं गोळा कर म्हणावं, मग पदवीची तपासणी, आणि आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा त्यानंतर. पदवीच्या तपासणीचा दाखला पाच वर्षं चालतो, आयएल्ट्सचा निकाल मात्र दोन वर्षांतच बाद होतो.

तुझा,
धाकटा भाऊ