घनता कुणाची खरी?

तोबाता, जपान, 10 जुलै
टाकीत झेनॉन सोडला. इलेक्ट्रॉनचं तापमान 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट, घनता घनमीटरला सुमारे एक लाख कोटी. इतक्या विरळ प्लाझ्मात उणे 100 व्होल्टवरच्या प्लेटभोवतीचं आवरण जवळजवळ 15 सेंटिमीटर जाड. कक्षेत याला जागाच जागा; इथं एक मीटरच्या टाकीत भिंतीही गणितात धराव्या लागतात.

हा खटाटोप एका उपग्रहामुळे: 2003च्या ऑक्टोबरात जपानच्या ‘मिदोरी-2’ची वीज गेली. सौरपंखाकडच्या तारांच्या जुडग्याभोवतीच्या वेष्टनावर भार साचून ठिणग्या पडल्या असाव्यात, हे इथल्याच प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी पटवलं. पुढच्या वर्षी उपग्रहावर साचणाऱ्या भाराचं गणित करणारं ‘मस्कॅट’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्या गणिताला टाकीतल्या प्लेटशी भिडवायचं, हे माझं काम.

12 जुलै
प्लेटवर मोजलेला प्रवाह गणितापेक्षा वीस टक्के जास्त. घनता वीस टक्के वाढवली की दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण घनता प्लाझ्मात धरलेल्या माझ्याच प्रोबनं मोजलेली. आकडा जुळवायला तोच फिरवायचा, तर परीक्षा कुणाची?

14 जुलै
प्रोबचा व्होल्टेज चढवताना एक रेषा, उतरवताना दुसरी. म्हणजे टोकावर मळ. मागच्या आठवड्यात ते मीच उघड्या बोटांनी धरलं होतं, हातमोजे शेजारी पडलेले असताना. आईनं पाहिलं असतं तर ‘देवाचं ताम्हन असं धरतात का?’ म्हणाली असती.

तापवून टोक साफ केलं, रेषा एक झाल्या. मळामुळे तापमान जास्त आणि घनता कमी दिसत होती. आता घनता बारा टक्के वर. वीसातले बारा माझ्या बोटांचे!

19 जुलै
उरलेल्या आठ टक्क्यांसाठी प्लेट फिरवली. प्लाझ्मा-स्रोताकडे तोंड असलं की प्रवाह जास्त, पाठ केली की कमी. आयन एका दिशेनं येताहेत, आणि गणिताला मी सांगितलं होतं चहूबाजूंनी सारखे. घनता नुसती वाढवली असती, तर हे कधीच दिसलं नसतं. सगळ्या दिशा सारख्या धरण्याची ही चूक परवाच्या मोहापेक्षा मला जास्त लागली.

21 जुलै
आयनांना दिशा दिली. फरक तीन टक्के. तो कशाचा, ते अजून सापडलेलं नाही. अहवालात तीन असंच लिहिलं. खिडकीतून गिओन उत्सवाच्या सरावाचे ढोल ऐकू येताहेत. पंप बंद केला.